बसच्या वेळापत्रकातली मिनिटे कुठे जातात

दादरहून फोर्टात पोहोचायला बसला किती वेळ लागतो, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी विचारला, यावर त्याचे उत्तर ठरते. रस्ता तोच, अंतर तेच आणि बहुतेक थांबेही तेच असले, तरी वेळापत्रक काही वर्षांनी पुन्हा बसवावे लागते, आणि प्रत्येक वेळी थांब्यावर एकच बोलणे ऐकू येते, की ‘गाड्या कमी केल्या’. कधी ते खरे असते. पुष्कळदा मात्र गाड्या तेवढ्याच राहून फेऱ्या कमी झालेल्या असतात. या दोन गोष्टींतला फरक कळल्याशिवाय मुंबईच्या बससेवेविषयीची चर्चा पुढे सरकत नाही, असे मला वाटते. म्हणून वेळापत्रक कशावर उभे असते आणि वर्षांगणिक ते का ताणले जाते, हे येथे सोप्या शब्दांत मांडत आहे.

वेळापत्रकाच्या मुळाशी तीन आकडे असतात. पहिला धावण्याचा वेळ, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागणारी मिनिटे. दुसरा टोकावर थांबण्याचा वेळ, ज्यात चालक-वाहक पाणी पितात, हिशेब लिहितात आणि उशीर झाला असेल तर तो थोडा भरून काढतात. तिसरा दोन गाड्यांमधले अंतर, जे प्रवाशाला ‘दर दहा मिनिटांनी गाडी’ अशा रूपात कळते. हे तीन आकडे ठरले की मार्गावर किती गाड्या लागतील हे आपोआप ठरते, आणि गाड्या ठरलेल्या असतील तर उरलेल्या आकड्यांपैकी कोणता तरी एक हलतो. व्यवहारात गाड्या मोजक्याच असतात, त्यामुळे हलतो तो बहुधा तिसरा.

एक काल्पनिक मार्ग घेऊन हिशेब करून पाहू. समजा, जायला ५० मिनिटे लागतात आणि प्रत्येक टोकाला १० मिनिटे थांबायचे आहे. जाऊन-येऊन पूर्ण फेरा १२० मिनिटांचा झाला. दर १० मिनिटांनी गाडी सोडायची असेल, तर मार्गावर १२ गाड्या हव्यात. आता पाच-सात वर्षांत रस्त्यावरची गर्दी वाढली आणि जाण्याचा वेळ ५० वरून ६५ मिनिटांवर गेला असे धरू. पूर्ण फेरा १५० मिनिटांचा होतो. दर १० मिनिटांनी गाडी द्यायची तर आता १५ गाड्या लागतील, म्हणजे केवळ पूर्वीएवढीच सेवा टिकवण्यासाठी तीन गाड्या आणि त्यांवरचे चालक-वाहक जादा लागतील. ते मिळाले नाहीत, तर त्याच १२ गाड्या दर साडेबारा मिनिटांनी सुटतील. ताशी सहा गाड्या जात होत्या तिथे पाचही पुऱ्या जाणार नाहीत. एकही गाडी कमी झाली नाही, एकही कर्मचारी कमी झाला नाही, आणि तरीही सेवेचा पाचवा हिस्सा गेला.

हिशेब इथेच थांबत नाही. ताशी सहाऐवजी पाचाहून कमी गाड्या जाऊ लागल्या, की प्रत्येक गाडीच्या वाट्याला पूर्वीपेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त प्रवासी येतात. जास्त माणसे चढायची-उतरायची म्हणजे प्रत्येक थांब्यावर जास्त वेळ जातो. थांब्यावरचा वेळ वाढला की धावण्याचा वेळ वाढतो, आणि धावण्याचा वेळ वाढला की अंतर आणखी लांबते. वाट पाहून कंटाळलेला माणूस शेअर रिक्षा किंवा दुचाकी घेतो, रस्त्यावर आणखी एक वाहन येते आणि बस आणखी हळू होते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही, हे वेळापत्रकाच्या शास्त्रातले सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही हाच काटा टोचतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाचे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले होते, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती आणि कामाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण पसारा साधारणपणे बारा तासांच्या आत ठेवला होता. आगारात हजेरी लावणे, गाडी तपासून बाहेर काढणे, आगारापासून मार्गाच्या टोकापर्यंत रिकामी नेणे, शेवटी पैसे आणि तिकीट मशीन जमा करणे, ही सगळी कामे त्याच आठ तासांत बसवायची असतात. प्रत्यक्ष प्रवासी घेऊन धावायला समजा सव्वासहा तास उरले, तर १२० मिनिटांचे तीन पूर्ण फेरे त्यात बसतात. फेरा १५० मिनिटांचा झाला की दोनच बसतात आणि सवा तास हातात लोंबकळत राहतो. त्यात पूर्ण फेरा मावत नाही आणि कर्मचाऱ्याला अर्ध्या रस्त्यातून घरीही पाठवता येत नाही. वेळापत्रक करणारी माणसे मग एका मार्गाचे दोन आणि दुसऱ्या छोट्या मार्गाचा एक फेरा जोडून ड्युटी बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा गुंता दिसत नाही, पण आपल्या ओळखीची गाडी अचानक दहा मिनिटे पुढे-मागे का सरकली, याचे कारण कित्येकदा आपल्या मार्गावर नसून दुसऱ्याच मार्गाच्या ड्युटीत दडलेले असते.

धावण्याचा वेळ का वाढतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची ट्राम १९०७ मध्ये, आणि पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. १९३७ मध्ये डबलडेकर आल्या. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी मर्यादित थांब्यांची बस सुरू झाली, ती ज्याला आपण आजही ‘लिमिटेड’ म्हणतो. १९४७ मध्ये हा सगळा कारभार महापालिकेकडे आला, आणि बोरीबंदर ते दादर धावणारी शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली. ट्रामला रुळांमुळे रस्त्यातली आपली ठरावीक रेघ तरी होती. ट्राम गेल्यावर सार्वजनिक वाहनासाठी राखलेली म्हणावी अशी जागा मोठ्या रस्त्यांवर राहिली नाही. बस सर्व वाहनांच्या बरोबरीने रांगेत उभी राहू लागली, आणि त्या रांगेची लांबी हाच तेव्हापासून तिच्या वेळापत्रकाचा मुख्य आधार झाला.

मुंबई महापालिकेच्या हद्दीत सुमारे दोन हजार किलोमीटर रस्ते आहेत आणि शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या ४० लाखांच्या पुढे गेली आहे. रस्त्यांची लांबी फारशी वाढू शकत नाही. शहर तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे. शिवाय रस्त्याची क्षमता संपत आली, की वाहनांच्या संख्येत थोडीशी वाढ झाली तरी वेग एकदम कोसळतो. सकाळी सात वाजता आणि साडेनऊ वाजता त्याच रस्त्यावर वाहने दुप्पट नसतात, तरी वेळ मात्र दुप्पट लागू शकतो. म्हणूनच एकाच मार्गासाठी दिवसभर एकच धावण्याचा वेळ धरून चालत नाही. पहाटेचा, सकाळच्या गर्दीचा, दुपारचा, संध्याकाळचा आणि रात्रीचा असे वेगवेगळे वेळ धरावे लागतात, रविवारी आणखी वेगळे, आणि हे सगळे पुन्हा जाताना-येताना सारखे नसतात.

उड्डाणपुलांनी हा प्रश्न सुटेल असे पुष्कळांना वाटले होते. जे. जे. उड्डाणपूल २००२ मध्ये आणि लालबागचा २०११ मध्ये खुला झाला. पण साध्या बसचे काम वाटेतल्या माणसांना चढवण्या-उतरवण्याचे असते. पुलावरून गेली तर चिंचपोकळी किंवा लालबागच्या थांब्यावरच्या माणसाचे काय करायचे? त्यामुळे थांबे घेणारी बस पुलाखालूनच जाते, जिथे सिग्नल, पादचारी, हातगाड्या आणि उभी केलेली वाहने आहेत. वरच्या रस्त्यावर मोटारगाडीची जी पंधरा मिनिटे वाचतात, त्यांतले बसच्या वाट्याला फार थोडे येते. पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये, अटल सेतू आणि किनारी रस्त्याचा पहिला टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. या रस्त्यांवरून थेट, वातानुकूलित, कमी थांब्यांच्या बस सोडता आल्या, ही चांगली गोष्ट झाली. मात्र शहराच्या पोटातून जाणाऱ्या मार्गांचे घड्याळ त्यामुळे हलले नाही.

उलट दिशेने हलवणारी कारणे मात्र पुष्कळ आहेत. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. शीव स्थानकाचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आला. प्रभादेवीचा, म्हणजे जुना एल्फिन्स्टन पूल, सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. मुंबईची रचना लांबट असल्यामुळे रेल्वेचे रूळ शहराला उभे चिरत जातात आणि पूर्वेकडून पश्चिमेला जायला असे मोजकेच पूल आहेत. एक बंद झाला की त्याच्यावरून जाणाऱ्या बस वळसा घेतातच, पण शेजारच्या पुलावरून आधीपासून जाणाऱ्या बसही अडकतात. त्यांचा मार्ग बदललेला नसतो, तरी वेळापत्रक कोलमडते. मेट्रो-३ च्या भुयारी कामासाठी गिरगाव, वरळी, माहीम अशा ठिकाणी वर्षानुवर्षे पत्र्यांचे कुंपण उभे राहिले आणि रस्त्याची रुंदी निम्म्यावर आली. अशा वेळी वेळापत्रक करणाऱ्यापुढे पेच असतो. हा बदल तात्पुरता मानून जुनेच वेळापत्रक ठेवावे, तर रोज गाड्या उशिरा धावतात. नवे वेळापत्रक करावे, तर काम संपल्यावर ते पुन्हा बदलावे लागते. तात्पुरते म्हणून ठेवलेले बदल आपल्याकडे फार काळ टिकतात, आणि अडथळा दूर झाल्यावर मिनिटे परत घेण्याची घाई कुणाला नसते. माझ्या मते ही मोठी उणीव आहे: वेळ वाढवण्याचे निमित्त रस्ता देतो, पण वेळ कमी करण्याचे निमित्त कुणीतरी मुद्दाम शोधावे लागते.

पावसाळा हा दरवर्षीचा वेगळा अध्याय आहे. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावे मुंबईकराला तोंडपाठ असतात, कारण तिथे पाणी भरले की बस कुठून वळवली जाईल हेही त्याला माहीत असते. गणेशोत्सवात लालबाग-परळ आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगाव, ६ डिसेंबरला चैत्यभूमीमुळे दादर, सप्टेंबरातल्या माउंट मेरीच्या जत्रेला वांद्रे, असे नेमाने येणारे दिवसही असतात. त्यांच्यासाठी जादा गाड्या आणि बदललेले मार्ग आधीच ठरवता येतात.

वेळापत्रक बदलण्याचे आणखी एक कारण रस्त्यावर नसून माणसांच्या दिनक्रमात असते. गिरणगावात गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळ्या सुटण्याच्या वेळा हीच परळ-लालबागच्या बसची गर्दीची वेळ होती. पहाटे आणि मध्यरात्रीही रस्त्यावर माणसांचा लोंढा असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर बहुतेक गिरण्या कायमच्या थंडावल्या, आणि त्या जागांवर पुढे कार्यालये व टोलेजंग इमारती आल्या. आता लोअर परळची गर्दी सकाळी नऊ-दहाला येते आणि संध्याकाळी सहा ते आठ बाहेर पडते. पूर्वी सकाळी सगळा ओघ फोर्टाकडे आणि संध्याकाळी उपनगराकडे, असे सरळ चित्र होते. सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, मालाडचे माइंडस्पेस अशी नवी कामाची ठिकाणे उभी राहिल्यावर ओघ आडवाही वाहू लागला. कुर्ला आणि वांद्रे स्थानकांतून संकुलाकडे जाणाऱ्या छोट्या अंतराच्या मार्गांना आज जी झुंबड असते, ती तीस वर्षांपूर्वीच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही.

आता ज्या गोष्टीचा प्रवाशाला सर्वांत जास्त राग येतो तिच्याकडे वळू. वीस-पंचवीस मिनिटे एकही गाडी येत नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन, कधी तीन गाड्या एकापाठोपाठ येतात. चालक मुद्दाम एकत्र येतात, कुठेतरी चहा पीत बसतात, असा समज सर्वत्र आहे. खरे कारण गणितात आहे. वेळापत्रक टिकवण्याच्या प्रश्नाचा अभ्यास करताना गॉर्डन नेवेल आणि रेनफ्रे पॉट्स या संशोधकांनी ते १९६४ मध्येच मांडले होते.

संध्याकाळी सहाच्या सुमाराचा दादर टी.टी.चा थांबा डोळ्यांपुढे आणा. गाडी सिग्नलला अडकल्यामुळे तीन मिनिटे उशिरा पोहोचली आहे, आणि त्या तीन मिनिटांत थांब्यावर आणखी काही माणसे जमली आहेत. चढणारे आता पंचवीस जण आहेत. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांनी फुगलेली पिशवी घेतलेल्या आजी दांडा धरून पायरीवर क्षणभर थांबतात, मागचा मुलगा त्यांची पिशवी वर देतो, वाहक ‘आत सरका, पुढे जागा आहे’ म्हणत राहतो आणि शेवटचा पाय फलाटावरून सुटल्यावर डबल बेल देतो. माणशी तीन सेकंद धरले, तरी सव्वा मिनिट इथेच गेले. पाठीमागून येणाऱ्या गाडीला थांब्यावर जेमतेम सहा माणसे सापडतात. तिला अठरा सेकंद पुरतात. पुढच्या थांब्यावर हेच पुन्हा होते, त्याच्या पुढच्यावर पुन्हा. पुढची गाडी प्रत्येक थांब्याला आणखी मागे पडते, मागची तिच्या जवळ येते, आणि पाच-सहा थांब्यांत दोघी एकत्र दिसू लागतात. यात कुणाचाही आळस नाही. उलट मागची गाडी रिकामी असल्याने तिचा चालक नेहमीपेक्षा जोरात आलेला असतो.

याचा वाट पाहण्यावर काय परिणाम होतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. दर १५ मिनिटांनी नेमाने गाडी येत असेल, तर केव्हाही थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच गाड्या, त्याच संख्येने, पण आलटून पालटून २५ आणि ५ मिनिटांच्या अंतराने येऊ लागल्या, तर सरासरी प्रतीक्षा जवळजवळ अकरा मिनिटांवर जाते, कारण बहुतेक माणसे मोठ्या अंतरातच थांब्यावर येतात. गाड्या अगदी जोडीनेच आल्या तर ती पंधरा मिनिटे होते, म्हणजे दुप्पट. कागदावर मात्र ताशी चार गाड्या जात असतात आणि दिवसाच्या अहवालात सगळ्या फेऱ्या पूर्ण झालेल्या दिसतात. म्हणून ‘किती फेऱ्या झाल्या’ एवढेच विचारून भागत नाही. ‘किती अंतराने झाल्या’ हे विचारावे लागते.

बसचौकीत बसून गाड्या सोडणारा स्टार्टर आणि रस्त्यावरचे निरीक्षक हीच अंतरे सांभाळण्याचे काम करतात. लवकर आलेली गाडी दोन-तीन मिनिटे रोखून धरणे, फार उशीर झालेली गाडी शेवटच्या टोकापर्यंत न नेता मधूनच वळवणे, जोडीतल्या मागच्या गाडीला काही थांबे सोडायला सांगणे, असे मोजके उपाय त्यांच्या हाती असतात. यांतला प्रत्येक उपाय कुणाला तरी जाचतो. ‘ही गाडी पुढे जाणार नाही’ हे ऐकून उतरावे लागलेल्या प्रवाशाचा संताप योग्यच असतो, पण ती गाडी मधून वळवली नसती तर उलट दिशेच्या थांब्यावर अर्धा तास गाडी आली नसती, हे त्याला दिसत नाही आणि कुणी सांगतही नाही. ते सांगितले पाहिजे.

वेळापत्रकात वेळ किती धरावा, हा प्रश्नही दिसतो तितका सोपा नाही. एका मार्गावर सरासरी ६० मिनिटे लागत असतील आणि तेवढीच धरली, तर साधारण निम्म्या फेऱ्या उशिरा पोहोचतील आणि त्यांच्यापुढच्या फेऱ्याही उशिरा सुटतील. बहुतेक दिवस पुरतील अशी ७२ मिनिटे धरली, तर वक्तशीरपणा वाढेल, पण मोकळ्या दिवशी गाड्या रेंगाळत चालतील, आणि वर पाहिल्याप्रमाणे प्रत्येक फेऱ्यामागे गाड्यांची गरज वाढेल. चांगले वेळापत्रक या दोहोंच्या मधले असते: धावण्याचा वेळ घट्ट ठेवायचा आणि अनिश्चिततेसाठीची सूट टोकावरच्या थांबण्याच्या वेळात ठेवायची. प्रवासी गाडीत असताना गाडी रेंगाळू नये आणि तरीही पुढची फेरी वेळेवर सुटावी, हा त्यामागचा विचार असतो. पण ही टोकावरची दहा मिनिटे बाहेरच्या माणसाला वाया गेल्यासारखी दिसतात, आणि गाड्या कमी पडल्या की सर्वांत आधी त्यांच्यावरच कात्री चालते. मग सकाळी आठ वाजता झालेला उशीर दुपारी बारापर्यंत त्या गाडीची पाठ सोडत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा रस्ते रिकामे झाले, लोकल सर्वसामान्यांसाठी बंद राहिल्या आणि अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना बसनेच नेले-आणले. एरवी दीड तास खाणाऱ्या अंतरांना त्या काळात किती थोडा वेळ पुरत होता, हे तो प्रवास केलेले परिचारक, सफाई कामगार आणि पोलीस सांगू शकतील. गाडी तीच होती, चालक तोच होता. वेळ खाणारी गोष्ट रस्त्यावरची बाकीची वाहने होती, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

दरम्यान बसचा ताफाही बदलत गेला. २०१० च्या आसपास चार हजारांहून अधिक असलेल्या गाड्या २०२५ मध्ये तीन हजारांच्या खाली आल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य गाड्या आता कंत्राटदारांच्या आहेत. डिझेलवर चालणाऱ्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्याच वर्षी विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर धावू लागल्या. विजेच्या गाडीमुळे वेळापत्रकात एक नवा आकडा आला आहे, तो म्हणजे चार्जिंगचा. एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाते यावर तिचे दिवसाचे फेरे ठरतात, आणि दुपारच्या कमी गर्दीत ती आगारात नेऊन पुन्हा भरून घ्यावी लागते. गाडीचा आकारही महत्त्वाचा असतो. मोठ्या गाडीच्या जागी लहान गाडी आली आणि फेऱ्या वाढल्या नाहीत, तर थांब्यावर माणसे मागे राहतात, आणि जो प्रवासी मागे राहिला त्याच्यासाठी दोन गाड्यांमधले अंतर दुप्पट झालेले असते. तिकिटाचाही वेळेशी संबंध आहे: जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले गेले तेव्हा गर्दी वाढली, मे २०२५ मध्ये ते १० रुपये झाले, आणि या प्रत्येक बदलाने थांब्यावर चढणाऱ्यांची संख्या हलली.

या सगळ्यावर उपाय म्हणून लांब पल्ल्याचे मार्ग तोडून छोटे करण्याचा कल गेल्या काही वर्षांत वाढला आहे. त्यामागचा तर्क बरोबर आहे. वीस-बावीस किलोमीटरच्या मार्गावर एका ठिकाणी कोंडी झाली तरी संपूर्ण मार्गाचे अंतर बिघडते. तोच मार्ग दोन तुकड्यांत चालवला तर बिघाड एका तुकड्यापुरता राहतो. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ मध्ये, पश्चिम उपनगरांतल्या २-अ आणि ७ या मार्गिका २०२२-२३ मध्ये आणि मेट्रो-३ २०२४-२५ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाल्यावर स्थानकापर्यंत नेणाऱ्या छोट्या मार्गांची गरजही वाढली. पण तोडलेल्या मार्गावरच्या प्रवाशाला मध्ये उतरून दुसरी गाडी पकडावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी, कडेवर मूल असलेल्या बाईसाठी ती आणखी एक प्रतीक्षा आणि आणखी एक चढउतार असते. वेळापत्रकात दोन्ही तुकडे वेळेवर धावलेले दिसतात आणि प्रवाशाचा एकूण वेळ वाढलेला असतो. म्हणून वेळ गाडीचा मोजायचा की माणसाचा, हे आधी ठरवावे लागते. माझे मत स्पष्ट आहे: घरातून निघाल्यापासून कामाच्या दारात पोहोचेपर्यंतचा वेळ हाच खरा वेळ, आणि मार्ग तोडताना तोच मोजला पाहिजे.

मोबाइलवर गाडी कुठे आहे हे दाखवणाऱ्या ‘चलो’ ॲपने प्रतीक्षेचा त्रास थोडा हलका केला. गाडी अठरा मिनिटांवर आहे हे कळले, तर माणूस तेवढ्यात भाजी घेऊन येऊ शकतो. पण गाड्यांच्या हालचालींच्या या नोंदींचा त्याहून मोठा उपयोग वेळापत्रक बसवणाऱ्याला आहे. पूर्वी धावण्याचा वेळ ठरवायला निरीक्षकाला घड्याळ आणि वही घेऊन गाडीत बसावे लागे, आणि काही मोजक्या फेऱ्यांवरून वर्षाचा अंदाज बांधावा लागे. आता प्रत्येक फेरीत कोणत्या दोन थांब्यांमध्ये किती मिनिटे गेली, हे रोज कळू शकते. कोणता सिग्नल, कोणते वळण, कोणता थांबा सर्वांत जास्त वेळ खातो हे त्यातून नेमके दिसते, आणि तिथेच काम करता येते.

काम करायचे म्हणजे काय, हे पुन्हा आपल्या काल्पनिक मार्गावर पाहू. १५० मिनिटांचा फेरा, १२ गाड्या, साडेबारा मिनिटांचे अंतर. आता थांब्याजवळ उभी केलेली वाहने हटवून, दोन सिग्नलना बसला आधी वाट देऊन आणि गर्दीच्या वेळी एका पट्ट्यात डावी मार्गिका बससाठी राखून जाताना-येताना प्रत्येकी १५ मिनिटे वाचवली, तर फेरा पुन्हा १२० मिनिटांवर येतो. त्याच १२ गाड्या पुन्हा दर १० मिनिटांनी सुटतात. तीन नव्या गाड्या घेऊन, त्यांच्यावर तीन पाळ्यांचे कर्मचारी नेमून जे साधले असते, ते रंगाच्या पट्ट्याने, वाहतूक पोलिसांच्या दक्षतेने आणि सिग्नलच्या फेरमांडणीने साधते. पुण्यात २००६ मध्ये आणि अहमदाबादेत २००९ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाल्या. त्यांच्या यशापयशावर पुष्कळ वाद आहेत, पण जिथे मार्गिका खरोखर मोकळी राहिली तिथे बस वेगाने गेली, यावर वाद नाही. मुंबईत रस्ते अरुंद आहेत हे खरे आहे. तरीही ज्या एका बसमध्ये साठ-सत्तर माणसे बसून-उभी जातात, तिला त्याच जागेत मावणाऱ्या दोन-तीन मोटारींच्या मागे ठेवणे हे रुंदीचे नाही, प्राधान्याचे कोडे आहे.

प्रवाशाच्या हातातही एक गोष्ट आहे. ‘बस वेळेवर येत नाही’ अशी तक्रार कुठल्याही कार्यालयात पोहोचली, तरी तिच्यावर काय करावे हे कळत नाही. मार्ग क्रमांक, थांब्याचे नाव, कोणत्या दिशेची गाडी, तारीख, थांब्यावर आल्याची वेळ, पहिली गाडी आल्याची वेळ, तिच्यात चढता आले की नाही, आणि तिच्यामागून दुसरी किती मिनिटांनी आली, एवढे लिहिले तर आगारात बसलेला माणूस ती फेरी नोंदीत शोधू शकतो आणि बिघाड सुटण्याच्या वेळेत झाला, वाटेत झाला की ती फेरी निघालीच नव्हती, हे सांगू शकतो. एका थांब्यावरच्या चार-पाच जणांनी आठवडाभर अशा नोंदी ठेवून एकत्र पाठवल्या, तर त्या मार्गाचा धावण्याचा वेळ फिरून तपासायला ते पुरेसे कारण ठरते.